एका चार्जरवर सगळे

दत्ताराम गवसांचा फोन आला तो अर्धवटच. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी मोबाइल कानाला लावला, आणि त्या काही बोलायच्या आत पलीकडून दबक्या आवाजात शब्द आले, "मांगराकडे टस्कर आसा. मी माळ्यार चढलंय. कोणी साकवावरसून येव नकात..." आणि फोन तुटला. यशोदाबाईंनी पुन्हा लावला. स्विच ऑफ.

त्यांची सून संचिता तेव्हा पर्स खांद्याला अडकवून शाळेत निघाली होती. ती बांद्याला शिकवायची, रोज आपली छोटी गाडी घेऊन जायची. सासूचा चेहरा पाहून तिने पर्स ओटीवरच टाकली.

"काय झाला, आई?"

"हत्ती," यशोदाबाई एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

नदीवरचा साकव, म्हणजे पायपूल, ओलांडला की पलीकडे गवसांची केळीची बाग होती, तिच्या वरच्या अंगाला काजू. मधे बागेतलं खोपट, म्हणजे मांगर. हत्ती या खोऱ्यात यायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली होती, लोक त्यांच्यासोबत राहायला शिकले होते. पण हा टस्कर, म्हणजे सुळेवाला नर, गेल्या महिन्यापासून एकटाच फिरत होता आणि माणसाला बघून मागे सरत नव्हता. आदल्या संध्याकाळी त्यानेच माड वाकवून विजेच्या तारांवर पाडला, तेव्हापासून सगळं गाव अंधारात होतं. दत्ताराम पहाटे उठून केळी किती उरल्या ते बघायला गेले. जाऊ नका म्हणून संचिताने दोनदा सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं.

वनखात्याची माणसं गावात होतीच. निलेश नावाचा पोरगेला कर्मचारी ड्रोन उडवायचा. हत्ती कुठे आहे ते वरून बघायचं आणि मग माणसं आत न्यायची, असा त्यांचा रिवाज. त्याने सकाळपासून नदीकाठ धुंडाळला होता, त्यातच दोन्ही बॅटऱ्या संपल्या होत्या.

"मॅडम, आंधळेपणाने आत जाता येणार नाही," तो संचिताला म्हणाला. "साकवापासून मांगरापर्यंत दोन्ही बाजूंनी केळ. चार हातांवर हत्ती उभा असला तरी दिसत नाही. मला एकच उड्डाण मिळू दे. पण चार्ज कुठे करू? लाइट थेट दोडामार्गाला. जाऊन येईपर्यंत..."

संचिताने गाडीच्या किल्ल्या हातात घेतल्या. "गाडीत चार्जर आहे. टाइप सी चालतो ना तुझ्या ड्रोनला?"

चालत होता. गाडी अंगणात काढून इंजिन सुरू ठेवलं. निलेशने केबल जोडली, ड्रोनच्या अंगावरच्या चार बारीक दिव्यांपैकी पहिला लुकलुकायला लागला. संचिता घरात सासूला पाणी द्यायला गेली. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. दीपेशला, म्हणजे नवऱ्याला, फोन केला. तो म्हापशाला कामावर पोचला होता, लगेच निघतो म्हणाला. निघून तरी काय करणार होता?

ती बाहेर आली तेव्हा अंगणात निम्मी वाडी जमली होती. माणसं आली होती ती काळजीनेच, यात शंका नाही. पण बहुतेकांचे फोन रात्रीपासून मेलेले, आणि इथे इंजिन सुरू असलेली गाडी. कोणीतरी आपला फोन लावला, त्याचं बघून दुसऱ्याने लावला. निलेश साकवाकडे बघून आला होता, त्याचंही लक्ष नव्हतं.

संचिताने ड्रोनकडे पाहिलं. अजून पहिलाच दिवा लुकलुकत होता.

"एवढ्या वेळात दुसरा लागायला हवा होता," निलेश म्हणाला. "बॅटरी गेली की काय?"

संचिता गाडीत वाकली. चार्जरला तीन पोर्ट होते. वरच्या पोर्टात कोणाचा तरी फोन होता, ड्रोनची केबल कोणीतरी काढून मधल्यात घातली होती, तिसऱ्यात आणखी एक फोन. तिला शाळेतले टॅब आठवले. मुलांचे टॅब ती अशाच चार्जरवर लावायची आणि एकामागून एक लावले की सगळेच रेंगाळायचे. हा चार्जर एकट्या यंत्राला पासष्ट वॉट द्यायचा, पण वरच्या पोर्टातच. दुसरं काही जोडलं की तो वाटणी करायचा: वरच्याला जास्त, खालच्याला उरलेलं, तिसरं आलं की उरलेल्याचेही तुकडे. ड्रोनला आता दहा-पंधरा वॉट मिळत असतील नसतील. शिवाय नवीन कोणी केबल खुपसली की चार्जर क्षणभर सगळ्यांचाच पुरवठा तोडायचा आणि प्रत्येकाला नव्याने विचारायचा, तुला किती हवंय?

"सगळे फोन काढा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "एकूण एक. ड्रोन भरल्याशिवाय बाबा खंय आसत ता कळाचा नाय."

मधल्या घरच्या हौसाबाईंनी आपल्या नातवाचा फोन मुकाट्याने काढला. वरच्या पोर्टातला फोन हरिश्चंद्रकाकांचा होता, शेजारच्या घरचे. ते गाडीच्या दाराला धरून उभे राहिले.

"माझो नको काढू गो."

"काका, थोडाच वेळ..."

"माझ्या चेडवाक काल रात्री हॉस्पिटलात नेल्यानी. पयलीच वेळ तिची. कळा सुरू होत्यो, मगे फोन मेलो. रातभर काय झाला, माका म्हायत नाय." बोलता बोलता त्यांनी दार आणखी घट्ट धरलं. "दत्तारामाक मी काय परको नाय. पण माझो फोन नको काढू."

यशोदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हरिश्चंद्रकाकांकडे पाहिलं, मग सुनेकडे. संचिताला वाटलं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच वेळी नदीपलीकडून आवाज आला. झाड मोडल्याचा नव्हे. लाकडं एकावर एक कोसळल्याचा.

"मांगर," कोणीतरी पुटपुटलं.

केबल उपटून टाकावी, काकांना काय वाटायचं ते वाटो, असं तिच्या मनात आलं. हात पुढेही गेला होता. मग तिला आपला फोन आठवला. रात्री गाडीत विसरलेली पॉवर बँक सकाळी सापडली होती, तिच्यातल्या शेवटच्या दमावर तो अर्धा भरला होता.

"काका, तुमचा सिम काढूया. माझ्या फोनात दुसऱ्या सिमची जागा रिकामी आसा. तुमचो नंबर माझ्या फोनार लागतलो."

काकांना ते नीट कळलं नाही. "नंबर तोच ऱ्हवतलो?"

"तोच. माझो फोन तुमच्याकडेच ठेवा."

सिमचा खण उघडायला टोकदार काहीच सापडेना. यशोदाबाईंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. संचिताच्या बोटांनी दोनदा भोक चुकवलं, तिसऱ्यांदा खण बाहेर आला आणि काकांचं सिम तिच्या फोनात गेलं. निलेशने तोवर ड्रोनची केबल वरच्या पोर्टात घातली. चारही दिवे विझले. मग पहिला दिवा लागला, स्थिर राहिला, आणि दुसरा लुकलुकायला लागला.

"आता ह्याला कोणी हात लावायचा नाही," निलेश म्हणाला, आणि गाडीच्या दाराशी स्वतःच उभा राहिला.

तिसरा दिवा लागायची वाट पाहणं ही संचिताने आयुष्यात केलेली सगळ्यात अवघड गोष्ट होती. तिचा फोन हरिश्चंद्रकाकांच्या हातात वाजला तेव्हा ती दचकली. काका दोन्ही हातांनी फोन धरून ऐकत होते. "ऑपरेशन? कित्याक? बरां... बरां, करा म्हणान सांग. मी येतंय." त्यांनी तिच्याकडे फोन पुढे केला, पण तिने तो परत त्यांच्याच खिशात ठेवला. कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून ते गेले.

तिसरा दिवा लागला. निलेश चौथ्यासाठी थांबला नाही.

छोट्या पडद्यावर आधी नुसती केळ दिसली, हिरवी, एकसारखी, मधे मोडलेल्या खुंटांचे पांढरे ठिपके. मग मांगर. छप्पर जमिनीवर बसलं होतं, वासे बाहेर आलेले. माळा नव्हताच. यशोदाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"हत्ती?" मागून वनखात्याच्या साहेबांनी विचारलं.

ड्रोन सावकाश वळला. साकवाच्या अगदी तोंडाशी, बांबूच्या बेटाआड, टस्कर उभा होता. कान हलत होते. मघाशी कोणी त्या वाटेने धावत गेलं असतं तर सरळ त्याच्या सोंडेत गेलं असतं.

"आणि बाबा?" संचिताने विचारलं. "बाबा खंय?"

निलेशने ड्रोन काजूंवर नेला. एक झाड, दुसरं, तिसरं. बॅटरीचा आकडा उतरत होता. चौथ्या काजूच्या आडव्या फांदीवर मळकट चौकड्याचं काहीतरी गुंडाळलेलं दिसलं, नुसतं गाठोडं. ड्रोन खाली आला, पण गाठोडं हललं नाही.

"बाबांचो पंचो तो," संचिता म्हणाली. "माणूस आसा काय आत?"

निलेशने ड्रोन आणखी खाली घेतला. पंच्याखालून एक अनवाणी पाय बाहेर आला होता. त्याची बोटं फांदी घट्ट धरून होती. मेलेल्या माणसाची बोटं तशी धरत नाहीत, असं संचिताने स्वतःला सांगितलं.

साहेबांनी चार माणसं वरच्या भरडावरून, म्हणजे खडकाळ माळावरून, लांबच्या वाटेने पाठवली. ड्रोन तोवर टस्करवर नजर ठेवून राहिला आणि शेवटचा इशारा वाजायला लागला तेव्हाच परत आला. माणसं दत्तारामांना खुर्चीत बसवून घेऊन आली. घोटा सुजून काळानिळा झाला होता, अंग लटलट कापत होतं. मांगर हलायला लागला तेव्हा त्यांनी मागच्या बाजूने उडी टाकली आणि तसेच सरपटत काजू गाठला होता.

संचिताने गाडी काढली. मागच्या सीटवर यशोदाबाईंनी नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला होता.

"पंचो कित्याक पांघरल्यात?" यशोदाबाईंनी विचारलं. "हलाक नको? आमचो जीव गेलो हयसर."

दत्तारामांनी डोळे मिटले. "वरसून घूं घूं आवाज इलो. माका वाटला, आग्या मोहोळ उठला. हत्तीपासून वाचलंय, आता माशी खातली म्हणान तोंड झाकलंय."

यशोदाबाईंना हसू आलं, आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. संचिताने आरशात एकदा पाहिलं आणि नजर रस्त्यावर ठेवली. टस्कर अजून नदीकाठीच होता, आणि दीपेश त्याच वाटेने घरी यायला निघाला होता. त्याला कळवायला तिच्याकडे फोन नव्हता.

"आई," ती म्हणाली, "तुमच्या फोनावरसून दीपेशक लावा. सांगा, घराकडे जाव नको, थेट दवाखान्यात ये."