दारापर्यंत

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नर्सने म्हातारीला धरून टॅक्सीत बसवलं आणि टॅक्सीवालीला बजावलं, "सांभाळून न्या. लेकीचं बाळ तापलंय, म्हणून ती येऊ शकली नाही."

म्हातारीच्या एका डोळ्याला पट्टी होती, दुसऱ्याने जेमतेम दिसायचं. तोंड मात्र ठणठणीत. "हळू घे गं पोरी, डोळा शिवलाय माझा, खड्ड्यात सांडेल!" असं वाटभर चाललं होतं.

लेकीच्या वसाहतीत सगळ्या इमारती सारख्याच पिवळ्या. "हीच, हीच! थांबव," म्हातारी म्हणाली. टॅक्सीवाली उतरू लागली, तशी तिने हात झटकला. "मी काय लहान आहे? जा तू, तुझा खोळंबा नको."

खोळंबा होताच. पुढच्या गिऱ्हाईकाचे दोन फोन येऊन गेले होते. टॅक्सीवालीने पिशवी म्हातारीच्या हातात दिली आणि गाडी वळवली. आरशात दिसलं, म्हातारी भिंत चाचपत जिन्याकडे चाललीय.

पुढचं गिऱ्हाईक स्टेशनवर निघालेला एक सेल्समन होता. तो बसला, गाडी निघाली, पण टॅक्सीवालीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. म्हातारीला दिसतच नाही, मग इमारत ओळखली कशी? आपणही मान डोलावून मोकळ्या झालो. तिने दवाखान्यात फोन लावला, कुणी उचलेना. सिग्नल हिरवा झाला तरी ती तशीच.

"लक्ष कुठाय तुमचं?" सेल्समन खेकसला.

तिने सांगून टाकलं.

"सोडलं ना तिला? मग झालं. आता माझी गाडी चुकवू नका."

त्याचंही खोटं नव्हतं. तिने त्याला वेळेत पोचवलं. त्याने सामान उचललं न उचललं, तोच ती माघारी फिरली. वाटेत प्रत्येक गाडी मुद्दाम आडवी येतेय असं वाटत होतं.

जिना ती धावतच चढली. तिसऱ्या मजल्यावर, कुलूप लावलेल्या दाराशी, पायरीवर म्हातारी बसली होती. चेहरा पांढराफटक.

"कोण?"

"मी, आजी. टॅक्सीवाली."

"किती बेल वाजवली! उघडतच नाही गं कुणी. खाली उतरायचं तर पायरीच दिसेना." मग एकदम आवाज चढला, "आणि तू कशाला गेलीस?"

"तुम्हीच हाकललंत!"

"हाकललं म्हणून जायचं?"

टॅक्सीवालीने तिला दंडाला धरून एकेक पायरी उतरवलं. शेजारच्या इमारतीच्या दारात लेक कडेवर बाळ घेऊन रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. आईला पाहताच ती टॅक्सीवालीवरच बरसली, "कधीची निघालीय ही! वरपर्यंत सोडायला काय झालं होतं तुम्हाला?"

टॅक्सीवालीने म्हातारीची पिशवी दाराशी ठेवली.

"तिला बोलू नकोस," म्हातारी म्हणाली. "परत आली ती. तुझ्या बापाला बाजारात विसरले होते, तेव्हा मीसुद्धा इतक्या लवकर परत गेले नव्हते."

लेकीला हसू आवरेना. बाळ मात्र रडायला लागलं.

"उद्या पट्टी काढायला हिलाच बोलाव," म्हातारीने फर्मान काढलं.

"येईन," टॅक्सीवाली म्हणाली, "पण उद्या दारातून दारात. वाटेत भांडायचं नाही."

"भांडणार," म्हातारी म्हणाली आणि टॅक्सीवालीचा हात धरून जिना चढू लागली.