लुम्बानीचा ताप

"सिस्टर, भाजलेल्या माणसाच्या अंगात थोडी आग शिल्लक राहते, म्हणून ताप येतो का?"

मी हे विचारणार नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विचारून टाकलं. माझा धाकटा भाऊ लुम्बानी उकळती पेज अंगावर सांडून भाजला होता. झोम्बा शहरातल्या हॉस्पिटलात आज त्याचा दहावा दिवस, आणि तो तापाने फणफणला होता. आई रडत एकच म्हणत होती, "मलेरियाच असणार, गोळ्या द्या!"

सिस्टर न्गोझो हसल्या नाहीत. "निम्मं बरोबर आहे तुझं, पोरी. भाजलेलं शरीर भरून येताना स्वतःच तापतं. पण आजचा ताप त्याहून जास्त आहे. शोधू या."

मलेरियाची तपासणी केली, तर मलेरिया नव्हता. पट्टी सोडून जखम पाहिली, चक्क वाससुद्धा घेतला. जखम स्वच्छ होती. छातीही साफ होती. मग त्यांनी पावलात टोचलेल्या सलाइनच्या सुईवरची पट्टी उलगडली. सुईपासून गुडघ्याकडे लाल, कडक रेघ गेली होती!

"हा बघ चोर! सुईमुळे शीर पिकलीय. सगळे जखमेकडे बघतात, आणि हा इथे लपतो."

त्यांनी सुई काढली, डॉक्टरांना बोलावून औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि लुम्बानी आंब्यासाठी भांडू लागला. मी मात्र अजून सिस्टरांच्या त्या शांत बोटांचाच विचार करत होते. काय बाई आहे!

संध्याकाळी बाबांनी, मी बँकेत नोकरी धरावी, हा नेहमीचा विषय पुन्हा काढला.

"आई, बाबा, मी नर्सिंगला जाणार," मी म्हटलं. "विचारत नाहीये, सांगतेय."