थाळी दिसेनाशी होते तिथं

"समुद्र सुधारला," मापाऱ्यांनी दारातूनच बायकोला सांगितलं आणि चपला न काढताच आत आले. "चार मीटर भरलं. गेल्या वर्षी याच दिवसांत अडीच होतं."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं उशीचा अभ्रा झटकला आणि शांतपणे विचारलं, "आणि भिंती?"

"कसल्या भिंती?"

"मोतीबिंदू काढून दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी मला विचारलंत, भिंतींना रंग कधी दिलास म्हणून. रंग देऊन सहा वर्षं झाली. अहो, समुद्र नाही, तुमचा डोळा सुधारलाय."

मापाऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं. आकडा दुपारीच कार्यालयात देऊन झाला होता.

त्यांचं खरं पद क्षेत्र निरीक्षक, श्रेणी तीन. पण धान्य मापावं तसा हा माणूस समुद्र मापतो म्हणून सगळे त्यांना मापारीच म्हणत. काम दिसायला सोपं. ताटाएवढी पांढरी थाळी, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. बोटीच्या सावलीत थाळी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. पाणी जितकं नितळ, तितकी थाळी खोलवर दिसणार. या उथळ समुद्राला लागून पाच प्रांत, आणि पाचांची मिळून एक समुद्र सुधार योजना. तिच्यात यंत्रं होती, तज्ज्ञ होते, परिषदा तर विचारूच नका. पण एकतीस वर्षं सलग चालत आलेला आकडा एकच होता, मापाऱ्यांच्या थाळीचा. ते नोकरीला लागले तेव्हा नऊ मीटर भरायचं. मग कारखाने वाढले, शहरांची गटारं समुद्राला येऊन मिळाली आणि नवाचे सात, पाच, चार झाले. गेल्या चार वर्षांत तर अडीचवर आलं होतं.

समुद्रावर जन्म गेला आणि मोती सापडला तो डोळ्यात, असा विनोद त्यांनीच डॉक्टरांना ऐकवला होता. आता तो आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्याहून लाज वाटली बोटवाल्याची. चार वर्षं तो बिचारा दर खेपेला म्हणायचा, "दादा, अजून दिसतेय की थाळी." आणि हे त्याला झापायचे, माप कोण घेतंय, तू का मी? डोळ्यांत तेल घालून काम करतो याचा त्यांना भारी ताठा होता.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालय उघडायच्या आधीच दाराशी उभे होते. पण बातमी त्यांच्याही आधी पाचही प्रांतांत पोचली होती. तीन वर्षांपूर्वी बांधलेल्या पहिल्या शुद्धीकरण केंद्राचं हे यश, असं पत्रकही निघालं होतं. कार्यालयप्रमुख बाई मुलीच्या वयाची, त्यांना काका म्हणायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, काका, गुरुवारच्या बैठकीपर्यंत कुणाजवळ बोलू नका. बाई वाईट नव्हती. सात वर्षांत तिला चांगली बातमी पहिल्यांदाच मिळाली होती.

गुरुवारी ठरणार होतं ते दुसऱ्या केंद्राचं. सगळ्यात मोठ्या गटाराच्या तोंडाशी ते बांधायचं होतं. पहिल्या केंद्रानंच समुद्र सुधारत असेल तर हे दुसरं कशाला, असा सूर आत्तापासूनच लागला होता. ते बांधलं नाही तर समुद्राचं काही खरं नाही, हे मापाऱ्यांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

बायकोनं समजावून पाहिलं. निवृत्तीला दहा महिने उरलेत, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता? गुरुवारी सकाळी मात्र तिनंच त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

बैठकीत ते उभे राहिले.

"समुद्र आहे तिथंच आहे. सुधारला तो माझा डोळा," ते म्हणाले. "चार वर्षं मी चुकीचं माप दिलं. ती चार वर्षं खोडा. पण त्याआधी नवाचे चार झाले ते खरे आहेत. दुसरं केंद्र बांधा."

मग कारखानदारांच्या सल्लागारानं पेनाला टोपण लावलं. गृहस्थ फार सभ्य. त्यानं आधी मापाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि मग मोतीबिंदू नेमका कधी सुरू झाला ते विचारलं. चारएक वर्षं झाली असतील, मापारी म्हणाले. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय? नाही. डॉक्टर काय लिहून देणार?

"मग दहाही असतील," सल्लागार म्हणाला. "वीसही असतील."

मापारी घाईनं म्हणाले, "साहेब, बंदरावर नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभं राहवत नाही. नाकात मोतीबिंदू होत नाही."

दोघंतिघं हसले. सल्लागारही मोकळेपणानं हसला आणि म्हणाला की वासाला नोंदवहीत रकाना नाही.

ठराव अर्ध्या तासात झाला. सदोष दृष्टीनं घेतलेली एकतीस वर्षांची मापं अग्राह्य. निरोगी डोळ्यांनी घेतलेलं चार मीटर हेच पहिलं विश्वासार्ह माप, आणि तीच या समुद्राची मूळ स्थिती. जे मुळात बिघडलंच नाही ते सुधारायचं काय? दुसरं केंद्र रद्द. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथं संन्याशानं सूळ स्वतःच खांद्यावरून आणून दिला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत एकतीस नोंदवह्यांची चळत लागली होती. प्रत्येकीवर चुकीची कबुली म्हणून त्यांची सही हवी होती. मापाऱ्यांनी वरच्या चार वह्या ओढल्या, सह्या केल्या, खाली तारीख घातली आणि पेन ठेवलं.

"काका, सगळ्यांवर लागेल," बाई म्हणाली.

"चूक या चारांत आहे. बाकीच्यांवर मी सही करणार नाही."

बाईनं वर पाहिलं नाही. सहीवाचूनही चालेल, पानापानावर शिक्का मारला की झालं, असं पुटपुटत तिनं शिपायाला बोलावलं आणि स्वतः बाहेर निघून गेली.

शिपाई वीस वर्षांपासून ओळखीचा. त्यानं शिक्का शाईत बुडवला, पण हात काही खाली येईना.

"मार," मापारी म्हणाले. "तुझा काय दोष त्यात."

मग ते पानं उलटत गेले आणि तो शिक्के मारत गेला. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी दोघं उठले नाहीत. सगळ्यात तळाची वही उघडली तेव्हा कागद पिवळा पडला होता आणि अक्षर कोवळ्या वयातलं, गोलसर होतं. शिपायानं आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"दादा, नऊ मीटर? इतकं खोल दिसायचं?"

"दिसायचं," मापारी म्हणाले, आणि पान हलू नये म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.