न झोपलेली फ्रेम

अंबडच्या आमच्या शॉपमध्ये भट्टीतून आलेल्या फ्रेमला 'झोपली' म्हणतात. वेल्डिंग झालं की लोखंड आतून ताणलेलं राहतं. भट्टीत तापवून सावकाश थंड केलं की ते शांत होतं. मग मी आतल्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने 'झो' लिहितो आणि फ्रेम मिलिंगला, म्हणजे मशिनवर कापून मापात आणायला घेतो. बारा वर्षं ते अक्षर माझंच, दुसऱ्या कुणाला लिहू देत नव्हतो. कसली मिजास होती, देव जाणे.

त्या दिवशी पत्रा दाबायच्या प्रेसची एक फ्रेम भट्टीत जायची राहिली होती. सुपरवायझर संतोष म्हणाला, "गाडी दारात उभी आहे. घे मशिनवर." मी कुरकुरलो, पण घेतली. क्लॅम्प आवळून कट मारला, डायलचा काटा शून्यावर. क्लॅम्प सोडले तर काटा अर्धा मिलिमीटर पळाला. वरचा थर निघाला की आत कोंडलेला ताण फ्रेमला वाकवतो, हे मला नवीन नव्हतं. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी पुन्हा आवळली, आणखी कापली आणि आवळलेलीच मापाला दाखवली. 'झो' नसेल तर तपासणीवाले माल सोडत नाहीत, म्हणून तेही लिहिलं.

दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या कारखान्यात ती वेल्डपाशी तडकली. गोटीराम नावाचा ऑपरेटर खाली सापडला. दोन्ही पाय गेले त्याचे.

तुटलेला तुकडा परत आला. मालकांनी मला, संतोषला आणि वेल्डर दत्तूला बोलावलं. दत्तू पेठकडचा, शॉपमधला सगळ्यात चोख हात. मालकांनी विचारलं, "झोपवली होती ना?" संतोषने बोटाने माझं अक्षर दाखवलं. मग उरला फक्त वेल्ड.

मी तोंड उघडणारच होतो, खरंच. तेवढ्यात दत्तू म्हणाला, "धनराजभाऊंनी लिव्हलंय म्हंजे झोपलीच आसल. माझाच हात चुकला."

लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात आधी आलं ते हेच, की वाचलो.

दत्तू आता दिंडोरीला द्राक्षांवर औषध मारतो. वेल्डिंगला पुन्हा हात लावला नाही त्याने. दर रविवारी गोटीरामकडे जातो, त्याला उचलून अंघोळ घालतो. मागच्या आठवड्यात बसस्टँडवर भेटला. म्हणाला, "भाऊ, लय इचार करतो, पन कळत नाय. माझा वेल्ड नेमका कुठं चुकला?"

मी म्हणालो, "आतल्या कोपऱ्यात."