दुसऱ्याच्या चाकांवर पास

मी एक जुनी मोटारसायकल आहे. वय वर्षे सतरा. माझ्याबरोबर बनलेल्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मी अजून जिन्याखाली उभी आहे. मित्रांनो, त्याचे मला बरे वाटते की वाईट, हे विचारू नका. ते मला आता नीटसे कळत नाही. जे झाले तेवढे सांगते.

कारखान्यातले फारसे आठवत नाही. मी रांगेत पुढे सरकत होते. एकाने चाके बसवली, दुसऱ्याने ती फिरवून पाहिली, तिसऱ्याने शिक्का मारला. पुढे एका दुकानात उभी राहिले आणि तिथून मला घरी नेले ते बाबांनी. बाबा पाण्याचे पंप दुरुस्त करत. घरात तिघेच: बाबा, त्यांची मुलगी ताई आणि तिचा धाकटा भाऊ. धाकट्याला सगळे धाकटाच म्हणत, तो बापाहून उंच झाला तरी.

आमच्या गावात दुचाकींचेही दरवर्षी एकदा पासिंग असे. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही, याची ती परीक्षा. गावाच्या टोकाला पत्र्याची लांब शेड होती. तिथे जमिनीत लाटण्यासारखे फिरणारे लोखंडी रूळ बसवलेले होते. त्यांवर चाक चढवायचे, रूळ फिरू लागले की ब्रेक दाबायचा आणि भिंतीवरचा काटा किती चढतो ते पाहायचे. मग दिवा, हॉर्न, आरसे, टायरच्या खाचा. तिथले तपासनीस साहेब चष्मा दोरीने गळ्यात अडकवून फिरत.

बाबा त्याआधीचा अख्खा रविवार माझ्यासाठी राखून ठेवत. चाके उतरवून ब्रेक उघडत, धूळ पुसत, झिजलेले काढून नवे घालत. म्हणत, "पंप बंद पडला तर लोक ओरडतात. ब्रेक बंद पडला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही."

बारा वर्षे मी पहिल्या फटक्यात पास झाले. तपासनीस एकदा म्हणाले, "पंपवाले, तुमची गाडी तपासायची म्हणजे पाठ असलेली कविता ऐकायची."

बाबा दिवसभर खुशीत होते. मीही असेन.

मग बाबांचे हात थरथरू लागले. आधी पाना निसटायचा, नंतर चहाचा कप. एके दिवशी त्यांनी किल्ली धाकट्याच्या हातात ठेवली. धाकटा दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होता. तयार झालेल्या कवळ्या डब्यात घालून तो गावभरच्या डॉक्टरांकडे पोचवत असे. दिवसाला वीस-पंचवीस फेऱ्या. वाईट नव्हता तो. त्याला फक्त वेळ नसे. ब्रेक कमी लागतोय हे त्याला कळत होते. "बघू पुढच्या आठवड्यात," असे तो माझ्या टाकीवर थाप मारून सांगायचा. पुढचा आठवडा काही आला नाही.

पासिंगची तारीख मात्र आली. तेव्हा त्याच्या मित्राने, गिड्डा म्हणत त्याला, तोडगा काढला. गिड्ड्याकडे माझ्यासारखीच पण नवी गाडी होती.

"अरे, नंबर इंजिनावर असतो, चाकांवर नाही. माझी दोन्ही चाकं लाव. ब्रेकसकट येतात. दुपारी परत दे, संपला विषय."

गिड्ड्याच्या अंगणात चाके बदलायला त्यांना तासभर लागला. रूळ फिरले, काटा चढला, शिक्का पडला. आम्ही घरी पोचलो तेव्हा बाबांनी खिडकीतून पाहिले.

"पास?"

"पास, बाबा."

"वा! हात बसला बरं का तुझा," बाबा म्हणाले. धाकटा मान खाली घालून आत गेला. दुपारी माझी गुळगुळीत चाके मला परत मिळाली.

असे चार वर्षे चालले. हिशेब करून सांगायचे तर मी सोळा वेळा पास झाले. त्यातल्या बारा वेळा मी, आणि चार वेळा माझ्या नावावर दुसरीच गाडी. पहिल्यांदा मला लाज वाटली होती. चौथ्यांदा काहीच वाटले नाही.

त्या चौथ्या शिक्क्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. ताई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करायची. जाड सुईने पाने शिवण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. त्या संध्याकाळी तिची बस चुकली म्हणून धाकटा तिला आणायला गेला. उतारावर आमच्या पुढचा एक ट्रक अचानक मागे येऊ लागला. धाकट्याने ब्रेक दाबला. पूर्ण दाबला. मी थांबले नाही. मागचे चाक बाजूला सरकले आणि आम्ही तिघेही आडवे झालो.

धाकट्याचे कोपर खरचटले. ताईचे उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले.

पोलिसाने माझे कागद पाहिले. "पासिंग तर ताजं आहे. गाडीत दोष नाही," असे म्हणून त्याने ते परत दिले. घरी बाबाही तेच म्हणाले, "गाडी चोख होती रे. नशीब, दुसरं काय." धाकट्याने पासिंगचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

मनगट जुळले, पण बोटांत जोर आला नाही. ताईला शिवणकामावरून काढून पाने मोजायला बसवले. मला जिन्याखाली ढकलले. धाकटा कवळ्या सायकलवरून पोचवू लागला. येता-जाता माझ्याकडे बघत नसे. माझ्या टाकीवर धूळ बसली, कोणीतरी छत्रीचा ओला सांगाडा हँडलला अडकवून ठेवला. मला त्याचे काही नव्हते.

वर्ष फिरले. गिड्डा दारात येऊन म्हणाला, "उद्या चाकं घेऊन जा."

"नको," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला बाहेर काढले आणि हाताने ढकलत शेडपर्यंत नेले. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"चालवत का नाही आणली?" तपासनीसांनी विचारले.

"ब्रेक नाहीत."

त्यांना ती थट्टा वाटली. त्यांनी मला रुळांवर घेतले. काटा जागचा हलला नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून टायरवरून बोट फिरवले. "मागच्या वर्षी तर उत्तम होती!"

"ती चाकं हिची नव्हती, साहेब."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीचीही नव्हती."

तपासनीसांनी चष्मा काढून गळ्यात सोडला. "मी चाकं पाहिली, माणूस पाहिला नाही," एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी कागदावर लिहिले: नापास. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

धाकट्याने तो कागद घरी ताईसमोर आणि बाबांसमोर ठेवला आणि उभ्यानेच सगळे सांगितले. दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवले. ताईने डाव्या हाताने कागद उचलून वाचला, पुन्हा वाचला.

"वर्षभर मला वाटत होतं," ती सावकाश म्हणाली, "की ट्रक बघून मीच घाबरून एका बाजूला झुकले. म्हणून गाडी पडली. तुलाही माझ्यामुळेच लागलं. रोज वाटत होतं रे."

धाकटा खाली बसला.

पुढचे अजून व्हायचे आहे. मला दुरुस्त करतील की मोडीत काढतील, कोणी बोललेले नाही. पण मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला परीक्षेपुरती सजवू नका. आहे तशी न्या. नापास झाली तर होऊ द्या. नापास गाडी दुरुस्त करता येते.