आधी बारीकसारीक

सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला घरघर लागली होती. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्यामुळे डिस्कच्या त्या टकटकीचा अर्थ मला कुणी सांगायला नको. ती आज जाणार होती, फार तर उद्या. आणि सासूबाईंचं एकमेव रेकॉर्डिंग तिच्यात होतं.

कॅमेरा दिसला की हातातलं ताट तोंडासमोर धरणारी ती बाई. जायच्या आदल्या वर्षी एकदाच तासभर बसून बोलली, लहानपणापासूनचं सगळं. टिपलं सासऱ्यांनीच. नंतर ते लावून ऐकायचा त्यांना धीर होईना, आणि आम्हाला मागायचा.

पेन ड्राइव्ह लावला तर जुनं यंत्र ओळखच देईना. नेटवर्कच्या केबलची जागा तेवढी शाबूत होती. मग मी ते धूड आणि माझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर समोरासमोर ठेवले, मध्ये केबल जोडली, एकमेकांना सापडावेत म्हणून दोघांना हाताने नेटवर्कचे पत्ते दिले. जुन्यातले फोल्डर माझ्या पडद्यावर दिसले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

"आधी आईंचं घ्यायचं, बाबा. बाकीचं गेलं तरी चालेल."

"मी घेतो," सासरे म्हणाले. "तिचं आहे, माझ्या हातानं होऊ दे."

यावर नाही कसं म्हणणार? डिस्क तापत होती, म्हणून मी शेजारी टेबल फॅन मागायला गेले. त्या घरातून गुडघेदुखीची कहाणी ऐकल्याशिवाय काहीही मिळत नाही. मी उभ्या उभ्या सगळी ऐकली.

परत आले तर सासरे खुशीत होते. "बघ, निम्म्याच्या वर झालं."

पडद्याकडे पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. त्यांनी सगळ्या फायली आकाराप्रमाणे लावल्या होत्या, लहान वर, मोठी खाली, आणि वरून एकेक घेत चालले होते. गिऱ्हाइकांच्या मापांचे फोटो, कॉलरचे नमुने, दुकानाच्या पाटीची चित्रं. सासूबाई तळाला.

सासरे शिंपी. बारीक कामं आधी, हा त्यांचा जन्मभराचा कायदा. बटण लावून दिलं, काज करून दिलं की माणूस हसत जातो. मोठं काम मागाहून, निवांत. आणि घरचं सगळ्यांच्या शेवटी. सासूबाईंच्या कोटाचं अस्तर उसवलं ते उसवलंच, कोट अजून दाराआडच्या खुंटीवर आहे.

"बाबा, मी काय सांगून गेले होते?"

"अगं, ही चिल्लर संपली की तिचंच. मग घाई नाही."

मी ते थांबवलं आणि सासूबाईंची फाइल ओढली. हिरवी पट्टी थोडी सरकली, मग अडली, पुन्हा सरकली. टकटक वाढली आणि एकदम बंद झाली. नंतर मी कितीदा चालू करून पाहिलं, पण ते यंत्र उठलं नाही.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ते केबलचं टोक हातात धरून बसले होते, घट्ट बसलंय का ते पुन्हा पुन्हा पाहत.

अर्धवट आलेली फाइल सहसा उघडत नाही. ही उघडली. खुर्चीवर सासूबाई, केस नीट विंचरलेले. दुकानाच्या दाराशी कुणीतरी आलेलं ऐकू येतं. सासऱ्यांचा आवाज: "एवढं बटण लावून देतो, आलोच."

"जा, मी बसते," सासूबाई म्हणतात.

आणि बसतात. हात मांडीवर. एकदा कॅमेऱ्याकडे पाहून ओशाळं हसतात, मग दाराकडे बघत राहतात. शिलाई मशीनचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. बऱ्याच वेळानं सासरे येतात. "हं, बोल आता."

सासूबाई पदर सारखा करतात, तोंड उघडतात. तिथे चित्र थिजतं.

"पुढे?" सासऱ्यांनी विचारलं.

"एवढंच आलंय, बाबा."

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं आणि तिचं ते बसणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. मग उठून दाराआडचा कोट काढला, मांडीवर उलटा केला, सुई काढली. दोरा काही केल्या ओवेना. शेवटी सुई-दोरा त्यांनी माझ्यापुढे धरला. माझा राग गेला नव्हता, तरी मी ओवून दिला.