विमानाच्या चड्ड्या

दोघे साडू. थोरला वेल्डर, नुकताच निवृत्त झालेला. धाकटा कवळ्या बनवणारा. डॉक्टरांकडून माप आलं की दात घडवून द्यायचे, हा त्याचा धंदा. बावीस वर्षांत एकमेकांची टर उडवायची एकही संधी दोघांनी सोडली नव्हती. त्यात थोरल्याने स्वतःच्या हाताने विमान बांधायला घेतलं, आणि धाकट्याच्या हातात आयतं कोलीत मिळालं. "पंख असले म्हणून कोंबडी उडते का?" असं तो नऊ वर्षं विचारत राहिला.

दहाव्या वर्षी विमान उडलं. उडवलं ताईने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने. शाळेत भूगोल शिकवता शिकवता तिने वैमानिकाचा परवाना काढला होता. "मी बांधतो, ती उडवते," थोरला सांगायचा. "एका घरात दोन हट्टी माणसं असली की कामं वाटून घेतलेली बरी."

एका सकाळी ताईचा धाकट्याला फोन आला. "दातवाले, चार दिवस सुट्टी काढून या. चाकांवर कवचं बसवायचीत, आणि तुमचे साडू दोनदा तोंडघशी पडलेत."

"चाकांना कवचं कशाला?"

"उघड्या चाकांना वारा अडतो. वरून निमुळतं कवच घातलं की विमान जोरात जातं. व्हील पँट म्हणतात त्याला."

"म्हणजे विमानाला चड्ड्या घालायच्या?"

"हसा पोटभर. पण या."

तो आला. धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिच्यात दोन माणसांपुरतं ते विमान, पंख वरच्या बाजूला. उजव्या चाकाचं फायबरचं कवच टेबलावर पडलेलं, मधोमध तडकलेलं. उतरताना टायर आतून घासला होता. थोरला कोपऱ्यात काहीतरी उगाच पुसत बसला होता.

धाकट्याने ते कवच पेशंटच्या जबड्यासारखं उजेडात धरून फिरवलं. "माप कधी घेतलंत?"

"विमान उभं असताना. दुसरं कधी घेणार?"

"उडताना विमानाचं वजन चाकांवर असतं का?"

थोरल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. जमिनीवर असताना वजनाने विमानाचे पाय फाकतात, हे त्याला ठाऊक नव्हतं का? पण कामाच्या तंद्रीत नेमकं तेच सुटलं होतं.

"आ वासलेल्या माणसाच्या चाव्याचं माप घेतलं," धाकटा म्हणाला, "तर कवळी पहिल्याच घासाला ताटात येते."

"बरं बरं. जॅक आण."

त्यांनी विमान उचललं. चाकं जमिनीपासून सुटली तसे दोन्ही पाय दोन बोटं आत आले. पाणसळ लावून विमान उडत्या स्थितीत समतल केलं, नाकाखाली आणि शेपटीखाली ओळंबा सोडला, जमिनीवर खडूची रेघ मारली. या मधल्या रेघेला समांतर दोन्ही कवचांची नाकं यायला हवीत, टायरभोवती सगळीकडे अंगठ्याएवढी फट राहायला हवी. नाही तर विमान हवेत तिरकं चालणार आणि टायर पुन्हा घासणार. नव्या जोडीचे पुढचे-मागचे भाग त्यांनी चिकटपट्टीने जागेवर धरले, काढले, पुन्हा धरले. दुपार कधी टळली, कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी स्क्रूंसाठी छिद्रं पाडायची होती. ड्रिल थोरल्याच्या हातात होतं. पहिलं छिद्र खुणेवरून सरकलं. "बिट बोथट झालंय," तो म्हणाला. धाकट्याने बिट काढून बोटाला लावून पाहिलं. चांगलं धारदार होतं. मग टेबलावरचं तडकलेलं कवच त्याने पुन्हा हातात घेतलं. त्यावरचं एकेक छिद्र लांबट झालेलं. "द्या इकडे, मला हौस आहे," म्हणून त्याने ड्रिल घेतलं आणि उरलेली छिद्रं पाडली.

मग विमानाचा पाय जिथे कवचात शिरतो तिथला सांधा भरायचा होता. मऊ माती लिंपून आकार द्यायचा, त्यावर काचेचं कापड आणि राळ चढवायची. दोघे जमिनीवर मांडी घालून माती मळत बसले. मळता मळता थोरला म्हणाला, "आठ महिने झाले. सकाळी जास्त थरथरतो हात. तिला सांगितलेलं नाही."

"का?"

"अरे, या हातांच्या भरवशावर ती वर जाते."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच धाकट्याच्या जिभेवर चेष्टा आली नाही. "मग म्हणूनच सांगायला हवं ना, भाऊजी."

"तू सांगतोस?"

"छे. बायको तुमची, हात तुमचे."

चार वाजता ताई चहाचा थर्मास घेऊन आली. थोरल्याने कप हातात घेतला नाही. मातीकडे बघतच त्याने सगळं सांगून टाकलं.

ताईने थर्मासचं झाकण लावलं. "आठ महिन्यांत विमानावर काय काय केलंत?"

त्याने आठवून आठवून सांगितलं. तिने एकेक गोष्ट वहीत लिहिली, टॉर्च घेतला, त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "दाखवा." दोन तास ती विमानाखाली, विमानात, शेपटीपाशी फिरत होती. प्रत्येक नट तिने स्वतः पान्याने तपासला. सगळं चोख निघालं. फक्त शेपटीचा एक नट सुटू नये म्हणून त्याला अडकवायची तार राहून गेली होती. ती तिने स्वतः पिळून बसवली. थोरल्याचा चेहरा पार उतरला.

मग ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि त्याचा मातीने भरलेला हात तिने आपल्या मांडीवर घेतला. "थरथरतो तर थरथरू दे. ते मला चालेल. गप्प बसलात ते नाही चालणार, कळलं?"

"कळलं."

"सोमवारी डॉक्टर. आणि यापुढे नट मी आवळणार, तुम्ही सांगायचं."

"तू फार जोरात आवळतेस."

"मग तसं सांगायचं!"

धाकटा उगाचच राळीचा डबा हलवत दुसरीकडे बघत राहिला.

चौथ्या दिवशी त्याने खिशातून निळा कागद काढला. कवळी कुठे टेकते ते बघायला दातांत हाच कागद धरतात. टायर आणि कवच यांच्यामध्ये तो सरकवून त्यांनी विमान शेडभर ढकललं. कवच उघडून पाहिलं तर आत एकच निळा ठिपका होता. थोरल्याने तो पॉलिशपेपरने घासून काढला. त्या कामाला त्याचा हात छान चालत होता, आणि ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

मग ताईने कवचांवर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवले. हवेत ते सपाट पडून राहिले तर वारा नीट वाहतोय, नाचले तर कुठेतरी अडतोय. पण ताई विमान चालवणार, मग लोकर कोण बघणार?

"तू," थोरला म्हणाला.

"मी? मला तर शिडीवर चढलं तरी गरगरतं!"

"सांधे तू केलेस. आता तूच बघायचं, बस."

विमान जमीन सोडून उठलं तेव्हा धाकट्याने डोळे गच्च मिटले होते. "दातवाले," ताई ओरडली, "लोकर पापण्यांच्या आत नाहीये!" त्याने उघडले. खिडकीबाहेर खाली चाक होतं, त्यावर गुळगुळीत पांढरं कवच, आणि लोकरीचे तुकडे कसे अगदी विंचरल्यासारखे मागे पडलेले. घरं, रस्ते खाली लहान होत गेले. त्याचं लक्षच नव्हतं. तो खिडकीला नाक लावून एकेक तुकडा मोजत होता. ताईने मागे रेलून आपल्या खिडकीतून दुसरी बाजूही दाखवली.

"पूर्वीपेक्षा ताशी अकरा किलोमीटर जास्त!" ती म्हणाली.

उतरले तेव्हा थोरला धापा टाकत धावपट्टीवर आला. "काय झालं? बोल ना!"

"सगळी लोकर झोपलेली," धाकटा म्हणाला. "फक्त डाव्या पायामागचे दोन तुकडे थयथयाट करतायत. तिथे माती कमी पडली."

"मग तो सांधा काढू या. आजच काढू."

संध्याकाळी धाकट्याने बायकोला फोन लावला. "अजून चार दिवस लागतील गं. आणि सोमवारी भाऊजींना डॉक्टरकडे न्यायचंय, तेव्हा मी इथेच असलेलं बरं."

"राहा की," ती म्हणाली. "आणि ताईला सांगा, रविवारी मीही येतेय."

शेडमध्ये थोरला डाव्या पायाशी बसून जुना सांधा घासत होता. धाकट्याने फोन खिशात टाकला आणि दुसरा पॉलिशपेपर घेऊन त्याच्या शेजारी बसला.